थंडीत जीप का रुसते?

मुरबाड-शहापूरकडे डिसेंबरच्या पहाटे जुनी डिझेल जीप रुसलेली तुम्ही पाहिली असेल. चावी फिरवली, की इंजिन नुसतेच कण्हते. असे का व्हावे?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा सुमारे 1/20 जागेत दाबली, की ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते व डिझेल पेटते. सायकलला हवा भरताना पंप तापतो, तसेच हे. पण गार लोखंड ती उष्णता पिऊन टाकते. त्यात तेल दाट, बॅटरी मंद. इंजिन सावकाश फिरते, म्हणजे उष्णता निसटायला जास्त वेळ! म्हणून हीटर प्लग आधी तापवतात. धक्का मारणारी मंडळी बॅटरीचेच काम करतात.

मात्र बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट धरते.