रॉयल फ्लश: ‘आता येणारच’ हे गणित का चुकतं?

पोकरमधला सगळ्यात मोठा हात म्हणजे रॉयल फ्लश. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. पाचही बदाम, नाहीतर पाचही इस्पिक, किलवर किंवा चौकट.

हा किती दुर्मिळ? ५२ पानांतून ५ उचलायची: ५२×५१×५०×४९×४८. पानांचा क्रम महत्त्वाचा नाही, म्हणून १२० ने भागा. उत्तर २५,९८,९६०. त्यात रॉयल फ्लश फक्त ४. म्हणजे ६,४९,७४० हातांत सरासरी एक. टेक्सास होल्डेममध्ये ७ पानांतून ५ निवडता येतात, तिथे ३०,९४० त एक.

पाच पानांचा एक हात दर मिनिटाला, रात्रंदिवस वाटला तर ४५१ दिवस लागतील. आणि तरीही तो एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के!

माझे मित्र म्हणतात, ‘इतके हात गेले, आता येणारच.’ आणि रक्कम वाढवतात. पण पत्ते पिसले की मागचा हिशोब पुसला जातो. शक्यता पुन्हा तीच.

म्हणून पहिल्या पाच पानांतल्या रॉयल फ्लशवरच पैसे देणारी पैज दिसली, तर आधी गुणाकार करा. १०० रुपयांवर साधारण साडेसहा कोटी मिळाले, तरच सौदा बरोबरीचा. कमी असतील, तर फरक कॅसिनोच्या खिशात.