कनेरगाव नाक्यापलीकडे वेगळं राज्य होतं : १३ महिन्यांत तिथं नेमकं काय घडलं?

वाशीम आणि हिंगोलीच्या मध्ये कनेरगाव नाका आहे. आज या ठिकाणी विदर्भ संपून मराठवाडा सुरू होतो, यापलीकडे हद्दीला फारसा अर्थ उरलेला नाही. १९४७ साली मात्र होता. वाशीमच्या बाजूला वऱ्हाड, म्हणजे १५ ऑगस्टनंतर स्वतंत्र भारत. हिंगोलीच्या बाजूला निजामाचं हैदराबाद संस्थान. त्याचं चलन वेगळं, टपाल वेगळं आणि सरहद्दीवर जकात वसूल करणारे करोडगिरी नाकेही त्याचेच.

गंमत म्हणजे कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचंच होतं. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात तो कायमचा गेला. त्यामुळे एकाच मुलखात दोन कायदे आले. वऱ्हाडात सभा घेता येत होती. हिंगोलीकडे मात्र 'गश्ती निशाण ५३' नावाचं परिपत्रक होतं आणि सरकारची परवानगी घेतल्याशिवाय सभा भरवणं गुन्हा ठरत होतं.

ठिणगी कुठे पडली?

सप्टेंबर आला की मोबाईलवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये ही गोष्ट 'हिंदू विरुद्ध मुस्लिम' एवढ्यावर आटोपते. पण मूळ जास्त खोल आहे. संस्थानात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत. दरबार आणि उच्च शिक्षण उर्दूत चाले. मोठी जमीन जहागीरदारांकडे किंवा 'सर्फ-ए-खास' म्हणजे खुद्द निजामाच्या मालकीची. वेठबिगारीने पिचलेला तेलंगणातला शेतकरी १९४६ मध्येच कम्युनिस्टांसोबत हत्यार घेऊन उठला होता. १९३८ मध्ये स्थापन होताच बंदी आलेली स्टेट काँग्रेस, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली जबाबदार राज्यपद्धती मागत होती.

जून १९४७ मध्ये मीर उस्मान अली खान यांनी स्वतंत्र राहण्याचा फर्मान काढला. दुसऱ्या बाजूला इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची सूत्रं कासीम रझवी या लातूरच्या वकिलाकडे आली होती. त्याची सशस्त्र फौज म्हणजे रझाकार. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला, पण गावपातळीवर 'जैसे थे' काहीच नव्हतं.

सरहद्दीवरची लढाई

रझाकार गावं लुटत, जाळत, माणसं मारत. बिदरकडच्या गोरटा गावातलं मे १९४८ चं हत्याकांड लोक आजही विसरलेले नाहीत. असंख्य कुटुंबं घरदार सोडून सरहद्दीपार वऱ्हाडात आणि मुंबई प्रांतात गेली. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीलगत कॅम्प उघडले. यवतमाळ जिल्ह्यातलं उमरखेड त्यांपैकीच. तिथून निजामाच्या हद्दीत शिरून करोडगिरी नाके आणि पोलीस ठाण्यांवर हल्ले होत. ३० जानेवारी १९४८ ला नांदेडजवळच्या उमरीची बँकही अशीच लुटली गेली.

रझाकारांना विरोध करणारे सगळे हिंदू नव्हते. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हावं, असं उर्दूतून लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्यांचा खून झाला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. पाच दिवसांत, १७ तारखेला निजामाने हार मानली. याला 'पोलीस कारवाई' म्हटलं गेलं, कारण तो दोन देशांमधला नव्हे तर घरातला प्रश्न आहे, अशी भारताची भूमिका होती. व्ही. पी. मेनन यांनी दिलेला एकूण जीवितहानीचा आकडा ८०० च्या थोडा वर आहे.

पण मृत्यू १७ तारखेला थांबले नाहीत

हा भाग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो. राज्य कोसळल्यावर सूडसत्र सुरू झालं आणि त्यात रझाकारांशी काडीचा संबंध नसलेली मुस्लिम कुटुंबंही सापडली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सद्भावना मंडळ पाठवलं. ते नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबर १९४८ मध्ये १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरलं आणि १०९ गावांतल्या ५०० हून अधिक लोकांशी बोललं. त्यांचा अंदाज होता, किमान २७ हजार ते ४० हजार बळी. सर्वाधिक नुकसान उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत झालं. लातूरमध्ये कत्तल वीसहून अधिक दिवस चालली, असं अहवाल सांगतो. काही ठिकाणी सैन्य आणि पोलिसांतले लोक लुटीत सामील होते, हेही त्यात आहे. आणि हेही, की अनेक हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवलं.

आकड्यांवर वाद होऊ शकतो, कारण तो अंदाज आहे, नावांची यादी नाही. पण अहवाल कित्येक दशकं लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. दिल्लीच्या नेहरू स्मृती संग्रहालय आणि ग्रंथालयात तो २०१३ च्या सुमारास वाचायला खुला झाला. तोवर 'रझाकार' हा शब्द मराठवाड्यात शिवीसारखा वापरला जाऊ लागला होता, आणि १७ सप्टेंबरनंतर मेलेल्यांची मोजदाद घराघरांतल्या आठवणींवरच सोडलेली होती.

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो आणि तो व्हायलाच हवा. रझाकारांच्या दहशतीतून सुटका झाली हे खरंच आहे. तेलंगणात मात्र याच दिवसाला 'मुक्ती' म्हणायचं की 'विलीनीकरण', यावरून पक्षांमध्ये दरवर्षी जुंपते.

निजाम १९५० मध्ये भारतीय राज्यघटनेनुसार हैदराबादचे राजप्रमुख झाले. कासीम रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात होता; सुटल्यावर पाकिस्तानात गेला आणि तिथेच १९७० मध्ये वारला. सुंदरलाल मंडळाच्या अंदाजानुसार लातूरच्या दहा हजार मुस्लिमांपैकी त्यांच्या भेटीच्या वेळी गावात जेमतेम तीन हजार उरले होते.