फँटसी लिहायची, तर आधी नकाशा काढायलाच हवा का?

आजचा भाग देऊळगाव राजातून, आणि विषय आहे फँटसी लिहिणाऱ्यांना मिळणारे सल्ले. त्यातले कुठले घ्यायचे आणि कुठले सोडायचे, ते बघू.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे, आधी जग उभारा. नकाशा काढा, राजघराणी ठरवा, हजार वर्षांचा इतिहास रचा. दाखला अर्थातच टोल्किनचा. पण टोल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होता, भाषा रचायचा नाद त्याला लहानपणापासूनचा. 'द हॉबिट' आलं 1937 ला, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954-55 मध्ये. आपल्याला मिळते उन्हाळ्याची सुट्टी. ती नकाशा रंगवण्यात गेली, की पहिलं प्रकरण राहिलंच म्हणून समजा.

आता आपल्याच जिल्ह्यातलं लोणार घ्या. लवणासुर जमिनीखाली दडून राहायचा, वर झाकण. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात आला, असुराच्या बहिणींना भुलवलं, त्यांच्याकडून जागा काढून घेतली. पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि असुराला मारलं. त्याचं रक्त म्हणजे हे तळं. विज्ञान सांगतं, बेसाल्टच्या खडकावर अशनी आदळला आणि जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर झालं. पण कथेला एकच गोष्ट सांगायची होती, पाणी खारट का? नाव बघा ना, लवण म्हणजेच मीठ. नकाशा नाही, वंशावळ नाही, तरी कथा अजून सांगितली जाते. (2020 च्या जूनमध्ये खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तळं गुलाबी झालं होतं. लेखकाला यापेक्षा आयतं काय मिळणार!)

दुसरा सल्ला, जादूला नियम हवेत. हा मात्र घ्या. ब्रँडन सँडरसन म्हणतो, त्याचा मथितार्थ असा: जादूनं संकट सोडवायचं असेल, तर ती जादू वाचकाला आधी नीट कळलेली हवी. लोणारच्या कथेत बघा, साक्षात विष्णू, पण त्यालाही जागा विचारावी लागते. देव अडतो, म्हणून गोष्ट चालते. तुमचा हीरो चुटकीसरशी सगळं करत असेल, तर दुसऱ्या पानावर वाचक रील्सकडे वळणार.

रोज हजार शब्द लिहा वगैरे ठीक आहे, जमेल तेवढं लिहा.

भाषेचं मात्र मला खटकतं. 'भारदस्त लिहा' म्हणतात, मग राज्याचं नाव एल्डोरिया आणि राक्षस बोलतो पाठ्यपुस्तकातलं मराठी. का बुवा? झाकण सरकल्यावर आतून "कोन हाय बे वर?" असं आलं, तर आपल्याकडचा वाचक हसेल आणि त्याच दमात घाबरेलही. एल्डोरियात ते होत नाही.

आणि त्या बहिणी? गोड बोलण्याला भुलून त्यांनी सख्ख्या भावाचा ठिकाणा सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी समोर तळं. मी लिहायला बसलो, तर त्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करीन.