रणगाड्यांसमोर जपमाळ : फिलिपाईन्स १९८६

अन्याय असह्य झाला की समाजापुढे दोनच वाटा उरतात, शस्त्र उचलणे किंवा मुकाट्याने सोसणे, असे आपल्यापैकी अनेकांस वाटते. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २२४२ वा परिच्छेद सांगतो की, सत्ताधाऱ्यांची आज्ञा नैतिकतेच्या, मूलभूत मानवी हक्कांच्या वा शुभवर्तमानाच्या विरुद्ध असेल तर ती न पाळणे हे सदसद्विवेकबुद्धीचे कर्तव्य आहे. लगेच पुढच्या परिच्छेदात सशस्त्र प्रतिकाराला मात्र इतक्या कडक अटी घातल्या आहेत की त्या सर्व एकाच वेळी पूर्ण होणे जवळजवळ अशक्य. मग मधली वाट कोणती? ती फिलिपाईन्सच्या जनतेने १९८६ साली चालून दाखवली.

फर्डिनंड मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला. तो १९८१ साली उठला, पण हुकूमशाही उठली नाही. विरोधी नेते बेनिग्नो अकिनो परदेशातून परतले, तेव्हा २१ ऑगस्ट १९८३ रोजी मनिलाच्या विमानतळावरच त्यांची हत्या झाली. आगमनानंतर वाचण्यासाठी त्यांनी लिहून आणलेल्या निवेदनात महात्मा गांधींचा दाखला होता, ही बाब आपणां भारतीयांस विशेष वाटावी.

लोकांचा संताप हिंसेकडे वळू शकला असता. डोंगरांत कम्युनिस्ट बंडखोर होतेच. परंतु १९८४ मध्ये जाँ गॉस व हिल्डेगार्ड गॉस-मायर हे युरोपीय कॅथोलिक दांपत्य तेथे आले व अहिंसक प्रतिकाराची शिबिरे सुरू झाली. येशूसंघीय धर्मगुरू होसे ब्लँको यांनी हे काम पुढे नेले. अहिंसा म्हणजे ऐन वेळी सुचणारी सद्भावना नव्हे, तिचीही कवायत करावी लागते, हे आम्हांस येथे ठळकपणे जाणवते.

७ फेब्रुवारी १९८६ रोजी मुदतपूर्व निवडणूक झाली. मतमोजणीत फेरफार होत असल्याचे पाहून संगणकावर काम करणारे सुमारे ३५ कर्मचारी ९ तारखेस उठून बाहेर पडले आणि त्यांनी आसरा घेतला तो बाक्लारन येथील नित्य सहाय्य मातेच्या मंदिरात. त्यानंतर काही दिवसांतच बिशप मंडळाने निवेदन काढले : लबाडीने मिळवलेल्या सत्तेला नैतिक पाया नसतो; लोकांनी या दुष्टाईचा प्रतिकार करावा, पण शांततामय मार्गानेच. १६ तारखेला कोराझोन अकिनो यांनी मार्कोस यांच्या मर्जीतील लोकांच्या बँका, वृत्तपत्रे व मालावर बहिष्कार पुकारला.

२२ फेब्रुवारीस संरक्षणमंत्री एन्रिले व सेनाधिकारी रामोस यांनी बंड केले. त्यांच्यापाशी सैनिक थोडे होते. कार्डिनल हाइमे सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून भाविकांना साद घातली आणि एड्सा महामार्गावर जनसागर लोटला. निःशस्त्र माणसे सशस्त्र सैनिकांचे रक्षण करीत होती! २३ तारखेला रणगाडे आले, तेव्हा धर्मभगिनी हाती जपमाळ घेऊन त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसल्या, तर इतरांनी सैनिकांना अन्न व फुले देऊ केली. सैनिकांनी गोळी झाडली नाही. रेडिओचे प्रक्षेपण केंद्र उद्ध्वस्त करण्यात आले, तरी दुसऱ्या केंद्रातून आवाज चालूच राहिला. २५ तारखेच्या रात्री मार्कोस देश सोडून गेले.

येथे थांबलो तर कथा फारच गोड होईल. २२ जानेवारी १९८७ रोजी जमिनीसाठी मोर्चा घेऊन आलेल्या शेतकऱ्यांवर मनिलाच्या मेंदिओला भागात गोळीबार झाला व डझनभर जीव गेले. राष्ट्राध्यक्षपदी तेव्हा कोराझोन अकिनो होत्या, आणि त्यांचे माहेरचे घराणे स्वतःच मोठे जमीनदार होते. चार दिवसांत हुकूमशहा गेला, जमिनीचा प्रश्न गेला नाही. २०२२ साली त्याच जनतेने मार्कोस यांच्या पुत्राला मतपेटीतून राष्ट्राध्यक्ष निवडले.