खुल्या ज्ञानकोशात कोणाला कोणता अधिकार? विकिपीडियावरील भूमिकांची रचना

नवी दिल्ली : दुबईत ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या आशिया चषक सामन्यात भारताचा पाकिस्तानकडून पराभव झाला. या सामन्यात वेगवान गोलंदाज अर्शदीप सिंग याच्या हातून एक झेल सुटला होता. त्यानंतर एका अनोंदणीकृत वापरकर्त्याने इंग्रजी विकिपीडियावरील त्याच्याविषयीच्या लेखात त्याचा संबंध खलिस्तानशी जोडणारा खोटा मजकूर घातला. स्वयंसेवी संपादकांनी तो थोड्याच वेळात हटविला. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मात्र या प्रकाराची गंभीर दखल घेऊन विकिपीडियाकडे स्पष्टीकरण मागितले.

कोणीही संपादित करू शकेल अशा व्यासपीठाचे रक्षण कसे होते, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. त्याचे उत्तर वापरकर्त्यांच्या भूमिका आणि त्यांना जोडलेले अधिकार यांत आहे.

विकिपीडियावरील बहुतांश लेख नवख्या व्यक्तीलाही बदलता येतात. इंग्रजी विकिपीडियावर खाते ४ दिवसांचे आणि संपादने १० झाली की सदस्याला अंशतः संरक्षित लेखांत बदल करता येतो. अधिक वादग्रस्त विषयांसाठी ३० दिवस आणि ५०० संपादनांची अट असते. अर्शदीपच्या लेखाला अंशतः संरक्षण देण्यात आले. त्यामुळे नवी खाती आणि अनोंदणीकृत वापरकर्ते रोखले गेले. अनुभवी संपादकांचे काम सुरू राहिले.

लेख हटविणे, संरक्षित करणे आणि उपद्रवी खात्यांना प्रतिबंध करणे हे प्रचालकांचे अधिकार आहेत. मात्र प्रचालक स्वतःच्या अधिकारात दुसरा प्रचालक नेमू शकत नाही. सदस्याचा आयपी पत्ता तपासण्याचा अधिकारही त्याला आपोआप मिळत नाही; तो ‘चेकयूजर’ या स्वतंत्र भूमिकेकडे असतो. एखाद्या विकिपीडियावर चेकयूजर नेमायचे तर किमान दोन, अन्यथा एकही नाही, असा नियम आहे. दोघांनी परस्परांच्या कामावर लक्ष ठेवावे, हा त्यामागील हेतू. स्थानिक चेकयूजर नसल्यास हे काम जागतिक पातळीवर निवडलेले ‘स्टुअर्ड’ करतात. १ मे २००३ पासून सुरू असलेल्या मराठी विकिपीडियावरही प्रचालकांची व्यवस्था आहे.

अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावेत, या तत्त्वाची औपचारिक मांडणी अमेरिकेतील डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये केली. कर्मचाऱ्याची बदली झाली की त्याची भूमिका काढून घेतली जाते आणि तिच्यासोबतचे सर्व अधिकारही संपतात, हा त्याचा व्यावहारिक लाभ.

सामायिक संगणकीय प्रणाली वापरणाऱ्या कार्यालयांनाही हे तत्त्व लागू पडते. सोयीसाठी सर्वांनाच प्रशासकाचे अधिकार दिल्यास एका चुकीची किंवा चोरीला गेलेल्या एका पासवर्डची झळ संपूर्ण प्रणालीला बसू शकते. म्हणून कामापुरताच अधिकार, मंजुरी आणि अंमलबजावणी वेगवेगळ्या हातांत, तसेच प्रत्येक बदलाची नोंद, ही त्रिसूत्री आवश्यक ठरते. अर्शदीपच्या लेखाची प्रत्येक जुनी आवृत्ती जतन असल्यानेच तो तत्काळ पूर्ववत करता आला.