झारेकऱ्याचा पारा

दिवाळीआधी आपण घर झाडून केर फेकतो. सोनार मात्र केर विकतो. माझे वडील राईहून रोज झवेरी बाजारात कामाला जात. कामाची चटई, झाडलेला केर, हात धुतलेलं पाणी, सगळं तिथे झारेकऱ्यासाठी साठवलेलं असे. ही धूळ धुऊन सोनं काढतो तो झारेकरी.

नदीकाठी हेच काम करतात ते सोनझारी. वैनगंगेच्या खोऱ्यातले, बालाघाट-भंडाऱ्याकडचे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. दोघांची युक्ती एकच. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, वाळूतली गारगोटी जेमतेम २.६५ पट. वळणावर, दगडाच्या आडोशाला प्रवाह मंदावला की सोन्याचे कण आधी तळाशी बसतात. सोनझारी ती जागा हेरतो, खोलगट लाकडी थाळ्यात वाळू फिरवत राहतो. शेवटी काळी जड वाळू उरते आणि नशीब असेल तर एक पिवळी रेघ.

पिठासारखं बारीक सोनं मात्र असं हाती लागत नाही. तिथे पारा येतो. तो मातीला शिवत नाही, सोन्याला बिलगतो आणि लोण्यासारखा गोळा बनतो. गोळा तापवला की पारा उडून जातो, सोनं उरतं.

उडून जातो कुठे? लहानपणी एका झारेकऱ्याच्या खोलीत मी तो गोळा शेगडीवर पाहिला होता. शेजारी भाताचं पातेलं. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही. श्वासातून गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा शरीरातच राहतो. पुढे त्याचे हात कापू लागले. लोक म्हणाले, दारू. मीही तेच मानलं. पाऱ्यानेही नेमका असाच कंप सुटतो, हे फार उशिरा वाचलं.

पाण्यात गेलेल्या पाऱ्याचं जिवाणू मिथिल पारा करतात, तो माशांत साठतो. आम्हा खाडीकाठच्या मासेखाऊंना हे ऐकून घास अडकतो. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा छोट्या सोनेखाणींचा आहे. २०१३ चा मिनामाता करार त्यासाठीही आहे. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला.

बंद भांड्यात तापवून नळीने वाफ थंड केली तर बराच पारा परत मिळतो. फिलिपाईन्समधल्या बेंगेट प्रांतातले खाणकामगार तर पाऱ्याशिवायच भागवतात: वाळू नीट धुऊन घ्यायची आणि उरलेलं टाकणखार घालून वितळवायचं. टाकणखार आमच्या वडिलांच्या पेटीतही असायचा.