थांब म्हणणारी रांग

अशोकस्तंभाकडून गंगापूर रोडला लागलं की धरणाच्या वाटेवर पंपिंग स्टेशनजवळ उदोजी मराठा बोर्डिंगचं आवार येतं. मविप्र (मराठा विद्या प्रसारक) समाजाचं कर्मवीर बाबुराव ठाकरे अभियांत्रिकी महाविद्यालय तिथेच आहे. ते ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, त्याच्या 2019 पॅटर्नच्या आयटी अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिमचं एक प्रात्यक्षिक आहे: काउंटिंग सेमाफोर आणि म्यूटेक्स वापरून प्रोड्युसर-कन्झ्युमरचा प्रश्न सोडवा. जर्नलमध्ये कोड चिकटवला, ओरलला दोन प्रश्न झाले की बहुतेकांच्या लेखी तो विषय संपतो. त्याच प्रात्यक्षिकाच्या पोटात आजच्या सॉफ्टवेअरमधलं एक अत्यंत कामाचं यंत्र दडलेलं आहे. त्याचं नाव ब्लॉकिंग क्यू.

एका प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे स्वतंत्र धागे, एकाच वेळी चालतात. काही माल तयार करतात, ते प्रोड्युसर: फाइल वाचणं, नेटवर्कवरून आलेली मागणी घेणं. काही तो उचलून पुढचं काम करतात, ते कन्झ्युमर. दोघांचा वेग कधीच सारखा नसतो, म्हणून मध्ये रांग लागते. रांग रिकामी असेल तर कन्झ्युमरने थांबायचं, हे कुणालाही पटतं. रांग भरली की प्रोड्युसरनेही थांबायचं, हे मात्र पटकन पचनी पडत नाही. पण या यंत्राचा सगळा जीव त्या दुसऱ्या थांबण्यात आहे.

हा प्रश्न नीट मांडला एडस्खर डाइकस्ट्रा या डच शास्त्रज्ञाने. 1965 साली आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात लिहिलेल्या टिपणात त्याने मर्यादित बफरचं, म्हणजे ठरावीक जागांच्या रांगेचं, उदाहरण घेतलं आणि ते सेमाफोरने, म्हणजे थांबवणाऱ्या-सोडणाऱ्या मोजणीने, सोडवलं. प्रात्यक्षिकात आजही तीच मांडणी असते. तीन सेमाफोर: रिकाम्या जागा मोजणारा, भरलेल्या जागा मोजणारा आणि एका वेळी एकालाच आत सोडणारा, म्हणजे म्यूटेक्स किंवा कुलूप. प्रोड्युसर आधी रिकामी जागा मागतो, मग कुलूप घेतो, माल ठेवतो, कुलूप सोडतो आणि भरलेल्या जागांचा आकडा एकाने वाढवतो.

यातल्या पहिल्या दोन ओळींची अदलाबदल केली तर काय होतं? ओरलला विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न मला दिसत नाही. प्रोड्युसरने आधी कुलूप घेतलं आणि मग रिकामी जागा मागितली, आणि बफर भरलेला असला, तर तो कुलूप हातात धरूनच झोपतो. जागा रिकामी करू शकणारा कन्झ्युमर त्या कुलपाबाहेर ताटकळतो. दोघंही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात. कोड कंपाइल होतो, शंभरदा चालवला तर शंभरदा नीट चालू शकतो, आणि बफर नेमका भरेल त्या दिवशी गोठतो. दोन ओळींच्या क्रमात एवढं अंतर असतं, हे विद्यार्थ्याने स्वतः बिघडवून पाहिलं पाहिजे.

हा क्रम सांभाळायचं ओझं प्रोग्रॅमरच्या डोक्यावरून उतरवायला पुढची कितीतरी वर्षं गेली. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअरने 1974 च्या ‘मॉनिटर’ या रचनेवरच्या लेखात कुलूप, माल आणि थांबण्याच्या अटी एकाच चौकटीत बांधल्या. तिथेही मर्यादित बफरचं उदाहरण होतंच. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पहिल्या आवृत्तीत थांबणं आणि उठवणं होतं, पण प्रत्येक वस्तूला प्रतीक्षागृह एकच. भरल्यामुळे थांबलेले प्रोड्युसर आणि रिकामं म्हणून थांबलेले कन्झ्युमर एकाच खोलीत झोपायचे. एकालाच उठवायची सूचना दिली की भलताच उठायचा, परिस्थिती पाहून परत झोपायचा आणि ज्याला उठवायला हवं होतं तो झोपलेलाच राहायचा. मग सगळ्यांना उठवायचं, आणि बहुतेकांनी परत झोपायचं.

2004 साली जावा 5 आली आणि न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या ऑस्विगो इथले प्राध्यापक डग ली यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या थ्रेडसाठीच्या साधनांच्या संचात ब्लॉकिंग क्यू तयार मिळू लागली. तिच्यातल्या ॲरेवाल्या प्रकाराची रचना पाहण्यासारखी आहे. कुलूप एक, पण प्रतीक्षेच्या खोल्या दोन: ‘भरलेली नाही’ याची वाट पाहणाऱ्यांची वेगळी, ‘रिकामी नाही’ याची वाट पाहणाऱ्यांची वेगळी. थ्रेड झोपायला जाताना कुलूप आपोआप सुटतं, उठल्यावर ते पुन्हा मिळवावं लागतं. आणि उठल्यावर अट परत तपासायची. ‘जर’ लिहून भागत नाही, ‘जोपर्यंत’ लिहावं लागतं, कारण जाग येणं आणि कुलूप हाती लागणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा कुणी ती जागा पटकावू शकतो. साखळी-यादीवाल्या प्रकारात ठेवणाऱ्याचं कुलूप वेगळं आणि उचलणाऱ्याचं वेगळं, म्हणजे दोन्ही टोकांना एकाच वेळी काम चालू शकतं.

मात्र या दुसऱ्या प्रकारातला एक निर्णय मला चुकीचा वाटतो. रांगेची मर्यादा सांगितली नाही तर ती 2,147,483,647 धरली जाते, म्हणजे व्यवहारात अमर्याद. जावाचा ठरावीक थ्रेडचा तयार पूलही अशीच रांग वापरतो. पायथॉनची नेहमीची रांगही आकार न दिल्यास अमर्यादच असते. हिशेब करून पाहा. कन्झ्युमर सेकंदाला 200 कामं उरकत असेल आणि रांगेची मर्यादा 1,000 असेल, तर भरलेल्या रांगेत शेवटी शिरलेल्याला 5 सेकंद थांबावं लागेल. त्याच वेगाने ती दोन अब्जांची रांग रिकामी व्हायला सुमारे 124 दिवस लागतील. तिथवर कुणी पोहोचतच नाही, त्याआधी मेमरी संपून प्रोग्रॅम कोसळतो. कन्झ्युमर मंद झाला आहे ही बातमी मर्यादित रांग प्रोड्युसरला लगेच देते. अमर्याद रांग ती मेमरी संपेपर्यंत दाबून ठेवते. म्हणून आकडा प्रोग्रॅमरकडून सक्तीने मागायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

पण प्रोड्युसरला थांबवताच येत नसेल तर? त्याचं उत्तर त्याच गंगापूर रोडच्या दुसऱ्या टोकाला आहे. गंगापूर धरण ही गोदावरीवरची मर्यादित साठ्याचीच जागा. एका बाजूने पाऊस, आणि वरच्या कश्यपी व गौतमी-गोदावरी धरणांतून येणारं पाणी. दुसऱ्या बाजूने शहराचे नळ आणि शेतीचे कालवे. फरक एवढाच की पावसाला ‘थांब’ म्हणता येत नाही. साठा वाढला की विसर्ग करावाच लागतो, आणि रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. म्हणूनच पावसाळ्याच्या सुरुवातीला धरण काठोकाठ भरू देत नाहीत, येणाऱ्या पाण्यासाठी जागा राखतात. हे साम्य फार ताणता येत नाही, कारण धरणात आधी आलेलं पाणी आधी बाहेर पडतं असं नाही, रांगेत मात्र क्रम पाळला जातो. पण धडा लागू पडतो. सेन्सरचे आकडे, बाहेरून येणाऱ्या मागण्या असे प्रोड्युसर आपल्या ताब्यात नसतात. त्यांच्यासाठी या रांगेत वेगळी दारं आहेत: जागा नसेल तर लगेच ‘नाही’ सांगणारं, आणि ठरावीक वेळ थांबून मग ‘नाही’ सांगणारं. नकार मिळाल्यावर माल टाकायचा, डिस्कवर लिहायचा की मागणाऱ्याला ‘नंतर या’ म्हणायचं, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. पूर आल्यावर ते ठरवायला वेळ नसतो.

उरतो तो काम संपवण्याचा प्रश्न. रिकाम्या रांगेपाशी झोपलेल्या कन्झ्युमरला आता माल येणारच नाही हे कसं कळावं? रूढ उपाय असा की प्रोड्युसरने शेवटी खुणेची एक वस्तू रांगेत टाकायची आणि ती हाती आली की कन्झ्युमरने काम आवरायचं. जितके कन्झ्युमर तितक्या खुणा टाकाव्या लागतात, आणि प्रोड्युसर अनेक असतील तर सगळ्यांचं काम संपल्यावरच. एक खूण कमी पडली तर एक थ्रेड झोपलेला राहतो आणि प्रोग्रॅम बंदच होत नाही.

ज्यांचं हे प्रात्यक्षिक या सत्रात आहे त्यांना एक विनंती. बफरचा आकार 1 ठेवून पाहा, मग 10, मग 1,000. कन्झ्युमरमध्ये मुद्दाम थोडी झोप घाला आणि प्रत्येक आकाराला प्रोड्युसर किती वेळ थांबला ते छापा. मग दोन कन्झ्युमर लावून तेच पुन्हा करा. जर्नलमध्ये कोडसोबत हे आकडेही लावा, आणि ओरलला बसणाऱ्या परीक्षकांनी त्यांच्यावरच प्रश्न विचारावेत.